राजा निघाला, पण कशावर बसून?

मराठवाड्यातल्यांनी लग्नानंतरचा गोंधळ पाहिलाच असेल. आमच्या पाथरीत संबळ वाजायला लागला की आम्ही पोरं पुढे जाऊन बसायचो. मला नायकापेक्षा त्याचा साथीदार जास्त आवडायचा. नायक आख्यान रंगवतोय, राजा शिकारीला निघालाय, आणि हा मधेच टोकणार, अहो पण निघाला कशावर बसून? मग नायकाला तिथल्या तिथे घोडा उभा करावा लागायचा. परभणीच्या राजारामभाऊ कदमांनी ही कला मोठ्या मंचांवर नेली. तिची गंमत मात्र मला या टोकण्यातच दिसते.

हे आज का आठवलं ते सांगते. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी इम्प्रोव्ह करायला लागले. संहिता नसलेलं नाटक, जागेवर सुचेल ते. मला एडीएचडी आहे, म्हणजे हल्लीच्या भाषेत मी न्यूरोडायव्हर्जंट. स्टेजवर याचा त्रास कमी, फायदाच जास्त. त्रास व्हायचा तो खेळ संपल्यावर, गोल करून बसल्यावर. "आज एनर्जी कमी वाटली." कुठल्या प्रसंगात? कुणाची? असं विचारलं की लोकांना वाटायचं, ही वाद घालतेय. मग ते एकच वाक्य रात्रभर डोक्यात. बरं, माझी पाळी आली की मी म्हणायचे, "तू आधी दार उघडलंस आणि परत जाताना भिंतीतून गेलास." बरोबरच होतं, पण समोरच्याचा चेहरा पडायचा.

शेवटी सायन्सवाल्यांची खोड, मुळाशी जाऊन बघितलं. आजच्या इम्प्रोव्हचा मोठा भाग शिकागोच्या व्हायोला स्पोलिन यांच्याकडे जातो. 1924 ते 1927 त्या नेवा बॉइड यांच्याकडे खेळांतून शिकवायला शिकल्या. 1939 पासून सरकारी रोजगार योजनेत त्या नाट्यविभाग सांभाळत होत्या. समोर स्थलांतरित वस्त्यांमधली, वेगवेगळ्या घरच्या संस्कारांची मुलं. तिथे व्याख्यान काय कामाचं? म्हणून खेळ. 1963 मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्याआधी, 1959 मध्ये, त्यांचा मुलगा पॉल सिल्स याने सहकाऱ्यांसोबत 'सेकंड सिटी' सुरू केलं होतं.

त्या पुस्तकातला मला सगळ्यात कामाचा वाटलेला मुद्दा म्हणजे शाबासकी आणि नापसंती, दोन्ही बाजूला ठेवा. दोन्हींमुळे खेळणारा दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत राहतो. प्रत्येक खेळाला आधी एक ठरलेला प्रश्न असतो. नंतर बघणाऱ्यांना एवढंच विचारायचं, तो सुटला का? वस्तू दिसली, की नुसती तोंडाने सांगितली? आणि खेळ चालू असताना शिक्षकाने बाहेरून छोटी हाक द्यायची, खेळणाऱ्याने न थांबता ती घ्यायची. वाचताना मला थेट साथीदार आठवला. (गोंधळाचा आणि शिकागोचा संबंध होता असं मी म्हणत नाहीये. रेषा जोडायचा मोह आवरा, व्हायव्हात अडकाल!)

म्हणजे हे माझ्यासारख्यांना दिलेली सवलत म्हणून आलेलं नाही. 'न्यूरोडायव्हर्सिटी' हा शब्द 1990 च्या दशकातला, ही पद्धत त्याच्या कितीतरी आधीची. 2012 मध्ये डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या अभ्यासकाने मांडलं की ऑटिस्टिक आणि इतर माणसांमधला गैरसमज दोन्हीकडून होतो. एका बाजूलाच 'समज कमी' म्हणता येत नाही. हे वाचून माझा निम्मा राग गेला, आणि भिंतीतून गेलेल्या मित्राची थोडी लाजही वाटली. आता आम्ही खेळाआधीच प्रश्न ठरवतो. आणि बोलण्याआधी मी विचारते, "आत्ता सांगू की उद्या?"

तुम्हालाही गाईडचा "अजून खोलात जा" असा रिमार्क येणारच आहे. मी हल्ली ड्राफ्टच्या वर तीन प्रश्न लिहून पाठवते. पहिल्यांदा पाठवला तेव्हा सर हसले. गेल्या महिन्यात मात्र उत्तर आलं, "आकृती 3 मध्ये एरर बार कुठे आहेत?" दहा मिनिटांत घोडा उभा केला.