श्रीरामपूरचे पाद्री आणि आपले वैजनाथ पंडित

परमुलखात घर करणाऱ्याला पहिली अडचण येते ती हवापाण्याची, दुसरी भाषेची आणि तिसरी, सर्वांत अवघड, माणसांची. आम्हां महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळींना हे कोणी वेगळे सांगावयास नको. या तिन्ही अडचणींशी चाळीस वर्षांहून अधिक काळ झुंजलेल्या एका इंग्रज मिशनऱ्याचे चरित्र मराठीच्या इतिहासाशी जोडले गेले आहे, आणि ती जोडणी मुंबई-पुण्यास नव्हे, तर बंगालमध्ये हुगळीच्या काठी झाली. सुवर्णमहोत्सवी अंकासाठी हा विषय आम्हांस म्हणूनच योग्य वाटला.

विल्यम कॅरी यांचा जन्म १७६१ सालचा, इंग्लंडातील नॉर्दम्प्टनशायरचा. जोडे शिवण्याचा धंदा करता करता त्यांनी अनेक भाषा आत्मसात केल्या व पुढे ते बॅप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक झाले. नोव्हेंबर १७९३ मध्ये ते सहकुटुंब कलकत्त्यास उतरले. कंपनी सरकारला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. जवळचे पैसे लवकरच संपले, बिऱ्हाडे बदलावी लागली, सुंदरबनाच्या कडेला जंगल तोडून राहण्याचाही प्रयत्न झाला. अखेर १७९४ साली मालद्याच्या बाजूस मदनाबाटी येथे नीळ कारखान्याच्या व्यवस्थापकाची नोकरी मिळाली, तेव्हा कोठे घरात स्थैर्य आले.

परंतु त्याच वर्षी त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर अतिसाराने दगावला. शिवाशिवीच्या धास्तीने त्या लहानग्याच्या प्रेताला हात लावावयास शेजारीपाजारी तयार होईनात. मोठ्या मिनतवारीने काही मुसलमान खड्डा खणण्यास राजी झाले. कॅरींच्या पत्नी डॉरोथी यांच्या मनाचा तोल या काळात ढळला, तो १८०७ मध्ये मृत्यू येईपर्यंत सावरला नाही. त्या मुळात स्वदेश सोडण्यास नाखूश होत्या. तान्हे मूल कडेवर घेऊन, बहीण सोबत येणार म्हणून निघाल्या होत्या. मिशनच्या यशाची गाथा गाताना या बाईने भरलेली किंमत विसरता कामा नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ध्येय एकाचे असते, वनवास साऱ्या घराला घडतो.

मदनाबाटीच्या वर्षांत एकाही बंगाल्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही. तरीही हा काळ वाया गेला नाही, कारण याच काळात कॅरी शिष्य झाले. रामराम बसू या मुनशींपाशी बसून ते बंगाली शिकले. गावोगाव हिंडून लोकांची बोली त्यांनी कानांत साठविली. जानेवारी १८०० मध्ये ते डेन्मार्कच्या अमलाखालील श्रीरामपूरला आले. (हे आपल्या नगर जिल्ह्यातले श्रीरामपूर नव्हे.) तेथे मार्शमन आणि वॉर्ड या सहकाऱ्यांसह एकच चूल व एकच तिजोरी ठेवून त्यांनी संसार मांडला. त्याच वर्षी कृष्ण पाल नावाच्या सुताराचा हात निखळला. मिशनच्या डॉक्टरांनी तो बसविला. त्या उपचारातून ओळख वाढली, आणि डिसेंबरात तोच त्यांचा पहिला बंगाली अनुयायी झाला. सात वर्षांच्या प्रवचनांनी जे साधले नव्हते, ते या एका शुश्रूषेने साधले.

१८०१ साली कॅरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगालीचे व संस्कृतचे अध्यापक झाले, पुढे मराठीचेही. दरमहाच्या पगारातला बहुतांश ते मिशनच्या सामाईक तिजोरीत घालीत. येथेच त्यांना आपले वैजनाथ पंडित भेटले. नागपूरकडचे समजले जाणारे हे विद्वान कॉलेजातील मुख्य मराठी पंडित होते. त्यांच्या साह्याने कॅरींनी १८०५ साली इंग्रजीतून मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, आणि १८१० साली कोश. कोशातील मराठी शब्द मोडी ठशांत छापले होते, कारण व्यवहारातली लिपी तीच होती. वैजनाथांच्या मराठी ‘सिंहासनबत्तिशी’चे मुद्रणही १८१४ साली श्रीरामपूरलाच झाले. रामराम बसूंनी बंगालीत लिहिलेले राजा प्रतापादित्याचे चरित्रही वैजनाथांनीच मराठीत आणले. म्हणजे ज्या मुनशीने कॅरींना बंगाली शिकविली, त्याचाच ग्रंथ आपल्या पंडिताच्या हातून मराठी वाचकांपर्यंत पोहोचला.

कॅरींचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे लपविण्याचे कारण नाही. मतभेदाला तेथे भरपूर जागा आहे. त्यांच्या मराठीवर नागपुरी वळणाची छाया आहे, असाही आक्षेप घेतला जातो. पण त्यात आम्हांस उणेपणा दिसत नाही. ज्याच्यापाशी बसून शिकले, त्याची बोली त्यांच्या लेखणीत उतरली, एवढाच त्याचा अर्थ. शिष्य असल्याची याहून प्रामाणिक खूण कोणती?

९ जून १८३४ रोजी कॅरी श्रीरामपूरलाच वारले. एकदा निघाल्यावर ते स्वदेशी परतले नाहीत. ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर त्यांचे नाव आहे. वैजनाथांचे ऋण प्रस्तावनेत नोंदलेले आहे. दोघेही आपापल्या घरापासून दूर होते. एक शिकावयास तयार होता, दुसरा शिकवावयास. त्या दोन परक्यांच्या बैठकीतून मराठीला छापील व्याकरण आणि कोश मिळाले. आमच्या पुढच्या पिढीने परप्रांती राहताना शेजाऱ्याची भाषा शिकावी आणि त्याला आपली शिकवावी, एवढे तरी या इतिहासातून घ्यावे.