दारं धरणारा विजेट

इनामगावला मामाच्या घरी लॅपटॉप उघडला की हमखास एक प्रकार घडायचा. पडद्याच्या कोपऱ्यात मी हवामानाचा एक विजेट लावला होता, कुठूनसा उतरवून घेतलेला. घोड नदीकाठी रेंज गेली की त्याच्यासकट खालची पट्टी, घड्याळ, मेनू, सगळं थिजायचं. माऊसचा बाण तेवढा फिरत राहायचा. मामा म्हणाला, "एवढ्याशा ढगाच्या चित्रानं अख्खं मशीन कसं अडतं रे?"

उत्तर त्याच्याच रानात होतं. पाट एक, पाणी पाळीनं. एखाद्यानं आपलं दारं फोडलं आणि बुजवलंच नाही, तर पुढचे सगळे कोरडे. (या गावाला पाट नवा नाही. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ दरम्यान इथे ताम्रपाषाणयुगीन वस्ती खणून काढली, तेव्हा धान्याचं कोठार आणि पाण्याचा पाटही सापडला. तीन हजार वर्षांहून जुना.)

कॉम्प्युटरमध्ये पडदा रंगवणं आणि क्लिकला उत्तर देणं हे साधारणपणे एकाच थ्रेडवर चालतं. विजेट त्याच थ्रेडवर सर्व्हरच्या उत्तराची वाट बघत बसला, की बाकीच्यांची पाळी येतच नाही.

ही चूक जुनी आहे. १९८४च्या मॅकिंटॉशवर कॅल्क्युलेटर, घड्याळ, कोडं अशा 'डेस्क अॅक्सेसरीज' होत्या. एका वेळी एकच प्रोग्रॅम चालवणाऱ्या मशीनमध्ये त्या ड्रायव्हरच्या वेशात शिरायच्या आणि मिळालेली पाळी परत करतील अशा भरवशावर चालायच्या. पुढे १९९७ला मायक्रोसॉफ्टनं अॅक्टिव्ह डेस्कटॉप आणून वॉलपेपरवर वेबपान चढवलं. २००३चं कॉनफॅब्युलेटर, २००५चा अॅपलचा डॅशबोर्ड, २००७चे व्हिस्टाचे गॅजेट, हौस वाढतच गेली. गॅजेट बंद करा असं मायक्रोसॉफ्टनंच २०१२ला सांगितलं, पण ते सुरक्षेच्या कारणानं.

मला सगळ्यात धाडसी वाटतो तो जानेवारी २००८मध्ये केडीई ४ सोबत आलेला प्लाझ्मा. त्यात पट्टी, मेनू, घड्याळ, सगळेच विजेट. कल्पना देखणी, पण सगळे एकाच प्रोसेसमध्ये, म्हणजे एकाच पाटावर.

तुमच्या फोनवर असं सहसा होत नाही, कारण २००९च्या अँड्रॉइड १.५ पासून विजेटचा कोड होम स्क्रीनमध्ये चालतच नाही. अॅप फक्त 'हे असं दाखव' असा निरोप धाडतं, रंगवण्याचं काम लाँचर करतो. पाटावर येऊच दिलं नाही म्हणा ना!

तक्रार कुठे करायची, यात मात्र लोक हमखास चुकतात. आधी विजेट एकेक करून काढून बघायचे. ज्याला काढल्यावर थिजणं थांबतं, तो गुन्हेगार. तो प्लाझ्मासोबतच आलेला असेल तर केडीईच्या बगझिलावर जायचं. (बगझिला हे १९९८मध्ये मोझिलासाठी जन्मलेलं तक्रारींचं दप्तर.) बाहेरून उतरवलेला असेल तर त्याच्या लेखकाकडे. आवृत्ती लिहायची, आणि 'हँग होतं' एवढ्यावर न थांबता, काय केल्यावर किती सेकंदांनी थिजतं तेही लिहायचं.

माझा विजेट बाहेरचा निघाला. वायफाय बंद केलं की दर वेळी थिजायचा. मामाच्या ओट्यावर बसून त्याच्या लेखकासाठी मोडक्या इंग्रजीत चार ओळी लिहिल्या. त्या गेल्या मात्र दुसऱ्या दिवशी, शिरूरच्या एसटी स्टँडवर रेंज आली तेव्हा.