ग्रां प्री फिगर स्केटिंग मालिका : यजमानपद

आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेच्या (आयएसयू) अधिपत्याखाली दर वर्षी साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात होणारी फिगर स्केटिंगची स्पर्धामालिका. सहा देशांत सहा स्पर्धा आणि शेवटी अंतिम फेरी अशी तिची रचना आहे. पुरुष एकेरी, महिला एकेरी, जोडी आणि आइस डान्स हे तिचे चार विभाग. एका स्केटरला सहापैकी जास्तीत जास्त दोन स्पर्धा मिळतात. पहिल्या क्रमांकाला १५, दुसऱ्याला १३, तिसऱ्याला ११ असे उतरते गुण असतात आणि त्यांच्या बेरजेनुसार प्रत्येक विभागातील पहिले सहा अंतिम फेरीत जातात. सहा यजमान कायमचे ठरलेले आहेत असा या मालिकेचा लौकिक होता. २०१५ नंतरच्या दशकात तो टिकलेला नाही.

मालिका १९९५-९६ च्या हंगामात ‘चॅम्पियन्स सिरीज’ या नावाने सुरू झाली आणि १९९८ पासून तिला ग्रां प्री म्हणू लागले. तिच्यासाठी नव्याने स्पर्धा उभारलेल्या नव्हत्या. कॅनडाची ‘स्केट कॅनडा’ १९७३ पासून, अमेरिकेची ‘स्केट अमेरिका’ आणि जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेचे नाव मिरवणारी ‘एनएचके ट्रॉफी’ १९७९ पासून आपापल्या बळावर चालत होत्या. फ्रान्स आणि जर्मनीच्या स्पर्धाही आधीच्याच. या पाचांना एका गुणतक्त्यात ओवले गेले. १९९६ मध्ये रशियाची स्पर्धा आली. २००३ मध्ये जर्मनीची जागा ‘कप ऑफ चायना’ने घेतली. त्यानंतर पंधरा वर्षे अमेरिका, कॅनडा, फ्रान्स, चीन, रशिया आणि जपान हे षटक हलले नाही, आणि सहा जागा या सहा देशांच्या मालकीच्याच आहेत अशी समजूत रूढ झाली.

ही समजूत अगदीच चुकीची नव्हती. प्रत्येक स्पर्धा त्या त्या देशाचा राष्ट्रीय महासंघ भरवतो. कोणते शहर आणि कोणते रिंक हे तोच ठरवतो, प्रायोजक तोच आणतो. फ्रान्सच्या स्पर्धेचे नाव प्रायोजकामागे लालिक, मग एरिक बोंपार असे बदलत गेले, तरी ती फ्रान्सचीच राहिली. अंतिम फेरीचे यजमानपद मात्र आयएसयू वेगळे देते. म्हणून ‘यजमान अनिश्चित आहे’ या एकाच वाक्याचे इथे तीन वेगळे अर्थ होतात : शहर ठरलेले नाही, देशच ठरलेला नाही, किंवा अंतिम फेरी कुठे आणि होणार की नाही हे ठरलेले नाही. पहिला प्रकार दर वर्षीचाच आहे. बड्या शहरांतली रिंके आइस हॉकीचे सामने आणि गाण्याचे कार्यक्रम यांत आधीच अडकलेली असतात, त्यामुळे तारखा जुळवणे हे महासंघांचे नेहमीचेच काम. दुसरा आणि तिसरा प्रकार खरा त्रासाचा. भारतीय वाचकाला २००९ मध्ये निवडणुकांमुळे दक्षिण आफ्रिकेत हलवलेली आयपीएल आठवेल. पण तिथे आयोजक तोच राहिला, फक्त मैदाने बदलली. ग्रां प्रीत देश बदलला की आयोजकच बदलतो.

आणि आयोजक बदलला की त्याचा फटका किंवा फायदा थेट खेळाडूंना होतो. यजमान महासंघाला प्रत्येक विभागात आपले तीनपर्यंत स्पर्धक उतरवता येतात. यांतल्या काही जागा बऱ्याचदा हंगाम तोंडावर येईपर्यंत मोकळ्या ठेवलेल्या असतात. क्रमवारीत मागे असलेल्या, पण यजमान देशाचा पासपोर्ट असलेल्या तरुण स्केटरसाठी ग्रां प्रीच्या बर्फावर उतरण्याची ती सर्वांत सोपी वाट. २०२१ मध्ये चीनची स्पर्धा रद्द होऊन इटलीला मिळाली, म्हणजे ही वाट चिनी मुलांसाठी बंद झाली आणि इटालियन मुलांसाठी उघडली. यजमानपदाच्या बातम्यांत हा मुद्दा फारसा येत नाही.

पहिला मोठा धक्का स्पर्धा सुरू असतानाच बसला. १३ नोव्हेंबर २०१५ रोजी बोर्दो येथे फ्रान्सच्या स्पर्धेचे शॉर्ट प्रोग्राम, म्हणजे पहिला टप्पा, पार पडले आणि त्याच रात्री पॅरिसमध्ये दहशतवादी हल्ले झाले. दुसऱ्या दिवशीची फ्री स्केटिंगची सत्रे रद्द झाली. अर्ध्या स्पर्धेचे गुण धरायचे की नाहीत यावर आयएसयूने नंतर निर्णय दिला तो असा, की शॉर्ट प्रोग्रामचाच निकाल अंतिम मानावा. पुरुषांत जपानचा शोमा उनो आणि महिलांत अमेरिकेची ग्रेसी गोल्ड विजेते ठरले. फ्री स्केटिंगमध्ये वर येण्याच्या भरवशावर असलेल्यांची मात्र संधी गेली. न्यायाच्या दृष्टीने हा निर्णय अपुरा होता, पण दुसरा कोणताही पर्याय याहून बरा ठरला असता असे वाटत नाही.

२०१८ मध्ये प्रथमच एका देशाने आपली जागा स्वतः सोडली. २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकच्या तयारीसाठी चीनने त्या हंगामात स्पर्धा भरवली नाही आणि ती हेलसिंकीला गेली. हा बदल हंगाम सुरू होण्याच्या बराच आधी ठरल्याने गोंधळ झाला नाही. पुरुषांत युझुरु हान्यू आणि महिलांत अलिना झागितोवा हे त्याच वर्षीचे ऑलिम्पिक विजेते तिथे जिंकले, त्यामुळे स्पर्धेचा तोराही कमी पडला नाही. सहाची यादी बदलता येते आणि बदलल्याने काही बिघडत नाही, हे हेलसिंकीने दाखवून दिले. पुढच्या वर्षी चीन परतला.

२०२० मध्ये महासाथीमुळे प्रश्न यजमान कोण हा उरला नाही, पाहुणा कोण हा झाला. प्रवास टाळण्यासाठी स्केटरांनी आपण राहतो त्या देशातल्या किंवा जवळच्या स्पर्धेत उतरावे, असे आयएसयूने ठरवले. लास व्हेगासमध्ये प्रेक्षकांविना स्केट अमेरिका झाली. चोंगचिंगच्या स्पर्धेत फक्त चिनी स्केटर होते, ओसाकातल्या स्पर्धेत मुख्यतः जपानी. ओटावा आणि ग्रेनोबल येथील स्पर्धा ऑक्टोबरच्या मध्यास, म्हणजे ऐन तोंडावर, रद्द झाल्या. बीजिंगची अंतिम फेरी आधी पुढे ढकलली आणि मग सोडून दिली. कनिष्ठ गटाची ग्रां प्री मालिका तर त्या हंगामात भरलीच नाही. नावापुरती मालिका झाली. तिला आंतरराष्ट्रीय म्हणणे कठीण.

पुढच्या वर्षी चोंगचिंगची स्पर्धा ऑगस्टमध्ये रद्द झाली आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती तुरिनला झाली. मध्ये जेमतेम अडीच महिने. इतक्या कमी वेळात तुरिन उभे राहू शकले याचे कारण पालावेला हे रिंक. १९६१ मध्ये एका प्रदर्शनासाठी बांधलेल्या या इमारतीत २००६ च्या ऑलिम्पिकचे फिगर स्केटिंग झाले होते, २००७ आणि २०१९ च्या ग्रां प्री अंतिम फेऱ्याही तुरिनलाच झाल्या होत्या. २०२२ ची अंतिम फेरीही याच शहरात झाली. आयत्या वेळचा यजमान म्हणून निवडले जाणारे शहर बहुधा असेच असते : बर्फ तयार आणि काम जाणणारी माणसे हाताशी.

ओसाकाला मात्र असा आधार कामी आला नाही. तिथली अंतिम फेरी ९ डिसेंबर २०२१ पासून होती. त्याच नोव्हेंबरमध्ये टोकियोत एनएचके ट्रॉफी सुरळीत पार पडली होती. पण ओमिक्रॉनच्या भीतीने ३० नोव्हेंबरपासून जपानने परदेशी नागरिकांना दारे बंद केली आणि पुढच्या दोन-तीन दिवसांतच फेरी रद्द झाली. ऑलिम्पिक दोन महिन्यांवर असल्याने नंतरची तारीखही निघाली नाही. दोन वर्षे लागोपाठ मालिकेला विजेतेच मिळाले नाहीत.

१ मार्च २०२२ रोजी, युक्रेनवरील आक्रमणानंतर, आयएसयूने रशिया आणि बेलारूसच्या स्केटरांवर बंदी घातली. रशियाची स्पर्धा गेली. चीनचीही त्या वर्षी झाली नाही. सहापैकी दोन जागा रिकाम्या. एक फिनलंडमधल्या एस्पोला मिळाली, दुसरी ब्रिटनमधल्या शेफील्डला. शेफील्ड हे जुने पोलादाचे शहर. स्केटची पाती बनवणारी जॉन विल्सन कंपनी तिथलीच आणि स्पर्धेचे नावही ‘एमके जॉन विल्सन ट्रॉफी’ असे पडले. जपानची माइ मिहारा शेफील्डला जिंकली, एस्पोला जिंकली आणि त्यानंतर तुरिनची अंतिम फेरीही जिंकली. रूढ सहांपैकी एकाही देशात न उतरता मालिका जिंकता येते, असे तिच्या निमित्ताने सिद्ध झाले.

अंतिम फेरीची अडचण आणखी वेगळी. २००८ पासून ज्येष्ठ आणि कनिष्ठ अशा दोन्ही गटांच्या अंतिम फेऱ्या एकाच ठिकाणी होतात, त्यामुळे यजमानावर दुप्पट भार पडतो. ऑलिम्पिकच्या आधीच्या हंगामात कधीकधी ती भावी ऑलिम्पिक शहराला देऊन रिंकची चाचणीही घेतली जाते, जसे सोचीला २०१२ मध्ये. कनिष्ठांच्या मालिकेत मात्र यजमान दर वर्षी बदलतच असतात. तिथे कायमच्या जागांचा समज कधी रुजला नाही.

२०२३ मध्ये चीन चोंगचिंगसह परतला. रशियाच्या जागी फिनलंड राहिला. २०२२ आणि २०२३ मध्ये ‘ग्रां प्री ऑफ एस्पो’ असे केवळ ठिकाण सांगणारे नाव होते. २०२४ पासून तीच जागा हेलसिंकीच्या ‘फिनलंडिया ट्रॉफी’ला आहे. १९९५ पासून भरणारी ही फिनलंडची स्वतःची जुनी स्पर्धा. तात्पुरता पाहुणा आपल्या नावाची पाटी लावत नाही, हे लक्षात घेतले तर या बदलाचे वजन कळते. रशियाने दरम्यान स्वतःची देशांतर्गत ग्रां प्री सुरू केली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये बीजिंगच्या ऑलिम्पिक पात्रता स्पर्धेत मोजक्या रशियन स्केटरांना तटस्थ म्हणून उतरू दिले गेले, पण २०२५ च्या हंगामातल्या सहा स्पर्धा अँजर्स, चोंगचिंग, सास्काटून, ओसाका, लेक प्लॅसिड आणि हेलसिंकी येथेच झाल्या, अंतिम फेरी नागोयात.