राजदूत ३५० मोटारसायकलींची पुनर्बांधणी

राजदूत ३५० ही एस्कॉर्ट्‌स या भारतीय कंपनीने जपानच्या यामाहा कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने तयार केलेली दोन सिलिंडरांची टू-स्ट्रोक मोटारसायकल आहे. मूळ जपानी गाडीच्या नावावरून तिला 'आरडी' किंवा 'आरडी ३५०' असेही म्हणतात. तिचे उत्पादन १९८३ मध्ये सुरू झाले व त्याच दशकाच्या अखेरीस थांबले. त्यानंतर हौशी चालक व संग्राहकांमध्ये तिला मागणी वाढली आणि तिची पुनर्बांधणी हे गॅरेज व्यवसायातील एक विशेष काम ठरले. या कामाच्या दोन दिशा आहेत. गाडी कारखान्यातून आली त्या स्वरूपात परत आणणे ही एक, तर तिचे इंजिन, ब्रेक किंवा रूप बदलणे ही दुसरी. बोलीभाषेत त्यांना अनुक्रमे 'रिस्टोरेशन' व 'मॉडिफिकेशन' म्हणतात. दोहोंतील फरक केवळ आवडीनिवडीचा नसून गाडीची नोंदणी व भविष्यातील दर्जा त्यावर अवलंबून असतो.

पार्श्वभूमी

एस्कॉर्ट्‌स कंपनीने १९६० च्या दशकात पोलंडच्या तंत्रज्ञानावर आधारित राजदूत १७५ ही एका सिलिंडरची गाडी बाजारात आणली. दूधविक्रेते, शेतकरी व ग्रामीण भागात फिरणारे कर्मचारी यांच्यात ती दीर्घकाळ वापरात होती. राजदूत ३५० या गाडीशी तिचे नाव सोडल्यास फारसे साम्य नाही. यामाहाने १९७३ ते १९७५ या काळात विकलेल्या आरडी ३५० चा आराखडा भारतीय परिस्थितीसाठी बदलून ही गाडी तयार करण्यात आली. जपानी गाडीच्या पुढील चाकाला डिस्क ब्रेक होता. भारतीय गाडीला ड्रम ब्रेक देण्यात आला. इंजिनाची शक्तीही कमी करण्यात आली.

गाडीची विक्री अपेक्षेप्रमाणे झाली नाही. किंमत, पेट्रोलचा खप व सुट्या भागांचा खर्च ही त्याची प्रमुख कारणे होती. याच सुमारास इंड-सुझुकी, हिरो होंडा सीडी १००, यामाहा आरएक्स १०० व कावासाकी बजाज यांसारख्या १०० सीसी गटातील गाड्या आल्या आणि सर्वसाधारण ग्राहक त्यांच्याकडे वळला.

भारतात तयार झालेल्या दोन सिलिंडरांच्या मोटारसायकली थोड्या आहेत. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने येझदी ३५० ट्विन ही गाडी अल्पकाळ काढली होती. याच कंपनीच्या जावा व येझदी २५० या गाड्यांना दोन सायलेन्सर असल्याने त्या दोन सिलिंडरांच्या असल्याचा समज आढळतो. प्रत्यक्षात त्यांच्या एकाच सिलिंडरमधून धूर बाहेर जाण्याचे दोन मार्ग काढलेले असतात.

तांत्रिक माहिती

- इंजिन: ३४७ सीसी, टू-स्ट्रोक, शेजारी-शेजारी दोन सिलिंडर, हवेने थंड होणारे
- बोअर व स्ट्रोक: ६४ मिमी × ५४ मिमी
- शक्ती: 'एचटी' प्रकार (१९८३–८५) ३०.५ अश्वशक्ती, 'एलटी' प्रकार (१९८५ पासून) २७ अश्वशक्ती
- गिअर: सहा
- इग्निशन: प्रत्येक सिलिंडरसाठी स्वतंत्र पॉइंट
- वंगण: ऑटोल्यूब पंप
- विद्युत यंत्रणा: १२ व्होल्ट
- ब्रेक: दोन्ही चाकांना ड्रम

'एचटी' व 'एलटी' ही नावे अनुक्रमे 'हाय टॉर्क' व 'लो टॉर्क' यांची लघुरूपे आहेत. एचटी प्रकाराला संग्राहकांकडून अधिक मागणी असते.

पुनर्बांधणीची पद्धत

तपासणी

कामाचा आरंभ इंजिन खोलण्याऐवजी कागदपत्रे व क्रमांक पडताळून होतो. चासी क्रमांक व क्रँककेसवरील इंजिन क्रमांक नोंदणी पुस्तकाशी जुळतात की नाही, हे आधी पाहिले जाते. अनेक गाड्यांत मूळ इंजिन निकामी झाल्यावर दुसरे बसवलेले असते. असा बदल नोंदवलेला नसल्यास यांत्रिक काम उत्तम होऊनही गाडी रस्त्यावर आणता येत नाही.

क्रँक

दोन्ही पिस्टन एकाच क्रँकवर परस्परांपासून १८० अंशांच्या अंतराने बसवलेले असतात. एक वर असताना दुसरा खाली असतो आणि क्रँकच्या प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला एक स्फोट होतो. हा क्रँक अनेक तुकडे दाबाने एकमेकांत बसवून तयार केलेला असतो. कनेक्टिंग रॉड किंवा बेअरिंग बदलायचे झाल्यास तो हायड्रॉलिक प्रेसवर सुटा करावा लागतो. जोडणी झाल्यानंतर तो दोन टोकांवर फिरवून डायल गेजने वाक मोजतात आणि तांब्याच्या हातोड्याने ठोकून सरळ करतात. मिलिमीटरच्या काही शतांशांचा वाकही इंजिनात कंप निर्माण करतो व बेअरिंगचे आयुष्य घटवतो. एका सिलिंडरच्या इंजिनापेक्षा हे काम अवघड असते, कारण येथे दोन रॉडचे भाग एकाच रेषेत आणावे लागतात.

सिलिंडर व पिस्टन

झिजलेला सिलिंडर बोअर करून त्यात मोठ्या मापाचा पिस्टन बसवतात. हे माप पाव मिलिमीटरच्या टप्प्याने वाढते. ६४ मिमीचा बोअर ६५ मिमीपर्यंत वाढवल्यास इंजिनाची क्षमता सुमारे ३५८ सीसी होते. एकच सिलिंडर झिजलेला असला तरी दोन्ही समान मापाचे करणे आवश्यक असते. बोअर केल्यानंतर सिलिंडरमधील पोर्टच्या कडा धारदार होतात. त्या घासून बोथट न केल्यास पिस्टनची रिंग त्यांत अडकून तुटते. लेथवर केवळ फोर-स्ट्रोक किंवा डिझेल इंजिनांचे काम करणाऱ्या कारागिराकडून ही पायरी सुटण्याची शक्यता असते.

ऑइल सील

टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल व हवेचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येते. त्यामुळे क्रँकच्या दोन्ही टोकांची ऑइल सील हवाबंद असावी लागतात. अनेक वर्षे उभ्या असलेल्या गाडीत ती कडक होतात. उजव्या बाजूचे सील गळल्यास गिअरचे तेल ओढले जाऊन दाट पांढरा धूर येतो. डाव्या बाजूचे सील गळल्यास बाहेरची हवा आत शिरते आणि मिश्रण पातळ होते. दुसरा दोष अधिक घातक असतो, कारण तो डोळ्यांना दिसत नाही आणि पिस्टन तापून सिलिंडरमध्ये जाम होतो.

इग्निशन, कार्ब्युरेटर व तेलपंप

यामाहाच्या मूळ आरडी ३५० मध्ये पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्यापूर्वी २.० मिमी असताना ठिणगी पडावी, असे माप दिलेले आहे. ते प्लगच्या छिद्रात डायल गेज लावून प्रत्येक सिलिंडरसाठी स्वतंत्रपणे जुळवतात. ठिणगी फार लवकर पडल्यास पिस्टनच्या माथ्याला भोक पडू शकते. दोन्ही कार्ब्युरेटरांचे स्लाइड एकाच वेळी व समान उचलले जाणेही गरजेचे असते. अन्यथा एक सिलिंडर दुसऱ्याचा भार वाहतो. मिश्रण योग्य आहे की नाही, याचा अंदाज प्लगच्या रंगावरून घेतात. चॉकलेटी रंग योग्य, पांढरट रंग पातळ मिश्रणाचा आणि ओलसर काळा रंग जाड मिश्रणाचा निदर्शक असतो.

ऑटोल्यूब पंप इंजिनाच्या गतीनुसार व अॅक्सिलरेटरच्या स्थितीनुसार तेल पुरवतो. त्याच्या नळीत हवेचा बुडबुडा राहिल्यास नव्याने बांधलेले इंजिनही काही मिनिटांत जाम होऊ शकते. त्यामुळे पहिल्यांदा सुरू करताना पंपातील हवा काढून टाकतात आणि खबरदारी म्हणून पेट्रोलमध्येही थोडे तेल मिसळतात.

फेरबदल

फेरबदल साधारणपणे तीन प्रकारचे असतात.

- विश्वासार्हतेसाठी: पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, पोलादी रीड व्हॉल्व्हऐवजी फायबरचे पाते.
- शक्तीसाठी: पोर्ट घासून त्यांची उंची वा रुंदी बदलणे, एअर फिल्टर बदलणे, एक्स्पान्शन चेंबर प्रकारचे सायलेन्सर बसवणे.
- सुरक्षितता व रूपासाठी: आधुनिक गाडीचा पुढचा फोर्क व डिस्क ब्रेक, अॅलॉय चाके, कॅफे रेसर धाटणीचे हँडल व सीट.

एक्स्पान्शन चेंबरचा फुगीर व पुन्हा निमुळता होणारा आकार धुराच्या दाबलहरीला उलट परतवतो. ही लहर बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये ढकलते आणि ठरावीक गतीला शक्ती वाढते. मात्र हवेचा मार्ग मोकळा झाल्याने कार्ब्युरेटरचे जेट मोठे करावे लागतात. केवळ फिल्टर वा सायलेन्सर बदलून जेट तसेच ठेवल्यास मिश्रण पातळ होते.

कापलेली चासी किंवा घासलेले पोर्ट पूर्वस्थितीत आणता येत नाहीत. बदललेले हँडल वा इग्निशन परत बसवता येते. म्हणून अनेक जाणकार केवळ परतवता येतील असेच बदल करतात आणि काढलेले मूळ भाग जपून ठेवतात.

कायदेशीर तरतुदी

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीत दिलेला तपशील उत्पादकाच्या मूळ विनिर्देशांपेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये एका निकालात हीच भूमिका स्पष्ट केली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. बिघडलेल्या इंजिनाच्या जागी त्याच प्रकारचे इंजिन बसवल्यास परिवहन कार्यालयात त्याची नोंद आवश्यक असते.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. ३१ मार्च २००० पूर्वीच्या टू-स्ट्रोक दुचाकींना प्रदूषण चाचणीत कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के व हायड्रोकार्बनची मर्यादा ९,००० पीपीएम अशी आहे.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये 'व्हिंटेज' वाहनांसाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केले. प्रथम नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेल्या खासगी दुचाकी व चारचाकी वाहनांना 'व्हीए' ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे वैध असते; पुनर्नोंदणीचे शुल्क ५,००० रुपये आहे. अशी गाडी नियमित वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. तसेच तिची चासी, बाह्यांग वा इंजिन यांत मोठे फेरबदल झालेले नसावेत, अशी अट आहे. या नियमानुसार सर्वांत जुन्या राजदूत ३५० गाड्या २०३३ मध्ये पात्र ठरतील. तोपर्यंत त्यांना सर्वसाधारण जुन्या वाहनांचेच नियम लागू राहतात, आणि त्या काळात केलेले मोठे फेरबदल पुढील पात्रतेच्या आड येऊ शकतात.

नांदेड व लातूर परिसर

लातूरच्या परिवहन कार्यालयाचा संकेतांक एमएच-२४ व नांदेडचा एमएच-२६ आहे. राजदूत ३५० च्या उत्पादनकाळातील बहुतेक गाड्यांची नोंदणी 'एमएच' मालिका सुरू होण्यापूर्वीची असल्याने महाराष्ट्रातील अशा गाड्यांवर 'एम' पासून सुरू होणारी तीन अक्षरी मालिका आढळते. मूळ क्रमांक टिकून असणे हे संग्राहक मूल्याचे लक्षण मानले जाते.

नांदेड जिल्ह्याच्या सीमा तेलंगणा व कर्नाटकाला, तर लातूर जिल्ह्याची सीमा कर्नाटकाला लागून आहे. हैदराबाद किंवा बीदरकडून आणलेल्या गाडीसाठी मूळ नोंदणी कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. ते न मिळाल्यास गाडी महाराष्ट्रात नोंदवता येत नाही. त्यामुळे खरेदीपूर्वीच त्याची खात्री करणे महत्त्वाचे ठरते. सुट्या भागांसाठी हैदराबाद-सिकंदराबादमधील राणीगंज आणि पुण्यातील नाना पेठ व जुना बाजार या बाजारपेठा परिचित आहेत.

ट्रॅक्टर व पाण्याच्या पंपांच्या इंजिनांची कामे करणारे लेथ कारखाने दोन्ही शहरांत आहेत. बोअरिंग, बुश बसवणे व आटे पाडणे ही कामे तेथे होऊ शकतात; क्रँक सुटा करून सरळ करण्यासाठी मात्र टू-स्ट्रोकचा विशेष अनुभव असलेला कारागीर लागतो.

मराठवाड्याच्या हवामानाचाही या इंजिनावर परिणाम होतो. उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. बाहेरची हवा तप्त असल्याने इंजिनाच्या पंख्यांतून उष्णता कमी प्रमाणात निघून जाते, आणि बाजारपेठेतील संथ रहदारीत वाऱ्याचा झोतही मिळत नाही. नव्याने बोअर केलेल्या इंजिनाचे रनिंग-इन म्हणूनच सकाळच्या वेळी व मोकळ्या रस्त्यावर करणे श्रेयस्कर असते. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे जुने रबरी भाग लवकर खराब होऊ शकतात व मिश्रण पातळ होते. त्यामुळे नळ्या व सील बदलून जेटचे माप पुन्हा तपासावे लागते.

हेही पाहा

- यामाहा आरएक्स १००
- येझदी
- टू-स्ट्रोक इंजिन
- मोटार वाहन कायदा, १९८८