नवोदय विद्यालय, टाकळी ढोकेश्वर
अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातील निवासी विद्यालय. ग्रामीण भागातील बुद्धिमान मुलांसाठी १९८५-८६ मध्ये अमरावती व झज्जर (हरियाणा) येथे झालेला प्रयोग १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर देशभर विस्तारला. हे विद्यालय त्याच योजनेतील होय. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण विद्यार्थ्यांना, तर एकतृतीयांश मुलींना असतात. नववीतील काही विद्यार्थी वर्षभर परभाषिक राज्यात शिकतात. पाठ्यपुस्तकापलीकडील समृद्धी खरी येथेच. सहावीच्या प्रवेशपरीक्षेत शालेय ज्ञानावर भिस्त राहू नये म्हणून निम्मे गुण मानसिक क्षमतेस दिलेले आहेत. तथापि शिकवणीवर्गांनी तीही पाठांतराची बाब केली. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या, चौदा तालुक्यांच्या या जिल्ह्यातून दरवर्षी जेमतेम ८० मुले निवडली जातात.