स्थितिप्रियता आणि संमतिवयाचा वाद

'सनातनी' व 'सुधारक' हे शब्द आपण इतक्या सहजपणें वापरतों कीं, बदलास होणाऱ्या प्रत्येक विरोधाचें मूळ एकच असतें, अशी समजूत होऊन बसते. परंतु जुनें सोडावयास नाखूष असणें निराळें, आणि बदल कोणीं करावा याविषयीं आक्षेप घेणें निराळें. संमतिवयाच्या वादांत हे दोन्ही विरोध एकाच व्यासपीठावर बसले होते. म्हणून तो वाद पुन्हा पाहण्यासारखा आहे.

१८६० च्या दंडसंहितेनें पत्नीचें संमतिवय १० वर्षें ठरविलें होतें. १८९० सालीं कलकत्त्यास फुलमणी नांवाची दहा-अकरा वर्षांची मुलगी पतीच्या समागमानें मरण पावली. तिनें दहावें वर्ष ओलांडलेलें होतें, एवढ्यावरून पतीवर बलात्काराचा गुन्हा लागू होईना. त्यास एक वर्षाची सक्तमजुरी झाली. पुढें १९ मार्च १८९१ रोजीं कायद्यानें ही मर्यादा १२ वर आणली.

या विधेयकास लोकमान्य टिळकांनीं कडाडून विरोध केला. तथापि मुलींचीं लग्नें सोळा वर्षांच्या आंत व मुलांचीं विसांच्या आंत करूं नयेत, असे निर्बंध सुधारकांनीं प्रथम स्वतःवर घालून घ्यावेत, अशी सूचना १८९० त त्यांनींच केली होती. परकी सरकारनें आमच्या घरांत हात घालूं नये, हा त्यांचा मुद्दा होता. इतरांस मात्र गर्भाधानाचा विधि बुडेल, हीच धास्ती होती. त्यांस डॉ. भांडारकरांनीं धर्मशास्त्राच्याच आधारें उत्तर दिलें; परंपरेचा अभ्यास बदलाच्या बाजूनेंही उभा राहूं शकतो, हें त्यावरून दिसलें.

टिळकांचा आक्षेप क्षुल्लक नव्हता. पराधीन समाजास आपला कारभार आपण पाहण्याची इच्छा असणें स्वाभाविकच होय. पण दहा वर्षांची मर्यादा त्याच सरकारनें पूर्वीं घातलेली होती. शिवाय स्वेच्छेचा निर्बंध त्यावर सही करणारासच बांधतो. आणि अशी सही करावयास जो तयार, त्याच्या घरीं फुलमणी मरण्याचा संभव थोडाच.

या दोन विरोधांची खरी फारकत पुढें झाली. हरबिलास सारडा या हिंदी सभासदाच्या विधेयकावरून १९२९ त मुलींचें विवाहवय १४ व मुलांचें १८ ठरलें. या वेळीं सूचना परक्याची नव्हती. तरीही धर्म बुडाल्याची ओरड झालीच. 'कोणीं करावें' हा प्रश्न बराचसा मागें पडला, तेव्हां 'करूंच नये' हें मत उघडें पडलें.

बदलाची किंमत विचारणारा पक्ष समाजांत असावा, असें आम्हांस वाटतें. त्याच्यावांचून सुधारणा उतावीळ होते. मात्र थांबण्याचा सल्ला देणारानें त्या थांबण्याची किंमत कोण भरणार, हेंही सांगितलें पाहिजे. १८९१ त ती भरणारी पोर सभेंत बोलावयास येऊं शकत नव्हती.