कारणे द्या



स्मरणिका समितीने माझ्याकडे काम दिलं ते सर्वांची माहिती एका तक्त्यात भरण्याचं. "तू सॉफ्टवेअरवाली, तुला काय अवघड!" नाव, गाव, व्यवसाय आणि शेवटचा रकाना 'उल्लेखनीय यश'. भराभर माहिती आली. फक्त एका मैत्रिणीने शेवटच्या रकान्यात आडवी रेघ मारून पाठवली.

ही आपली पोहणारी. नववीत जिल्ह्यात पहिली आली होती आणि प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेने तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या. दहावीच्या जूनमध्ये तिचं पोहणं थांबलं. तेव्हा मी शेजारच्या बाकावरून तिला म्हणाले होते, "बरं झालं, आता मार्क वाढतील." का थांबलं, हे मी विचारलं नाही. कुणीच विचारलं नाही.

रेघ पाहून मी तिला फोन केला. ती म्हणाली, "अगं, पंधराव्या वर्षी संपलेलं काय लिहायचं?"

त्या वाक्यावरून मला शेन गूल्ड आठवली. लेकीच्या पोहण्याच्या वर्गाबाहेर बसून बसून गेली काही वर्षं मी जलतरणाचा इतिहास वाचते आहे. त्यातली ही गोष्ट आज तुम्हाला सांगते.

शेन गूल्ड ऑस्ट्रेलियाची. जन्म २३ नोव्हेंबर १९५६, सिडनी. लहानपणाची काही वर्षं फिजी बेटांवर गेली. पुढे सिडनीत फोर्ब्स आणि अर्सुला कार्लाइल या जोडप्याकडे ती शिकली. फोर्ब्स कार्लाइल सिडनी विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्र शिकवलेला माणूस. सराव मोजूनमापून व्हायला हवा, हा त्याचा आग्रह. तलावाच्या काठावर सेकंदकाट्याचं मोठं घड्याळ ठेवायचं, म्हणजे पोहणाऱ्याला आपली वेळ स्वतःच वाचता येते. ठरावीक अंतर, ठरावीक विश्रांती, पुन्हा तेच अंतर, आणि सगळ्याची वहीत नोंद. आमच्या क्षेत्रात प्रत्येक घडामोडीची नोंद ठेवणारी फाइल असते. कार्लाइलची पद्धत वाचताना मला तीच आठवली.

शेन शाळेत जायची आणि शाळेच्या आधी व नंतर पोहायची. ३० एप्रिल १९७१ रोजी लंडनमध्ये तिने १०० मीटर फ्रीस्टाइल ५८.९ सेकंदांत पूर्ण केलं. हा विश्वविक्रम सात वर्षं डॉन फ्रेझरच्या नावावर होता. तीही ऑस्ट्रेलियाचीच, आणि १९५६, १९६० व १९६४ अशा सलग तीन ऑलिंपिकमध्ये याच शर्यतीत सुवर्णपदक मिळवलेली. तिच्या विक्रमाशी बरोबरी केली तेव्हा शेन १४ वर्षांची होती. दुसऱ्याच दिवशी तिने २०० मीटरचा विक्रम मोडला, जुलैत ४०० चा, डिसेंबरात ८०० आणि १५०० चा. ८ जानेवारी १९७२ रोजी तिने १०० मीटरची वेळ ५८.५ वर आणली आणि फ्रेझरच्या बरोबरीचा विक्रम तिच्या एकटीचा झाला. १०० पासून १५०० मीटरपर्यंत फ्रीस्टाइलचे पाचही विक्रम एकाच मुलीच्या नावावर! धावण्यात १०० मीटर आणि १५०० मीटर असे दोन्ही विक्रम एकाकडे असण्यासारखंच हे.

त्याच वर्षी म्युनिकचं ऑलिंपिक आलं. अमेरिकन जलतरणपटूंनी एक घोषवाक्य छापलेले टी-शर्ट घातले होते. 'चकाकतं ते सारं सोनं नसतं' अशा अर्थाची इंग्रजी म्हण, फक्त 'गोल्ड'च्या जागी 'गूल्ड'. पंधरा वर्षांच्या मुलीची एवढी धास्ती होती.

२८ ऑगस्टला तिने २०० मीटर मेडले जिंकलं. दुसऱ्या दिवशी १०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये मात्र सँड्रा नीलसन आणि शर्ली बाबाशॉफ या दोघी अमेरिकन मुली तिच्या पुढे गेल्या आणि तिला कांस्य मिळालं. ३० ऑगस्टला तिने ४०० मीटर जिंकलं, ४ मिनिटं १९.०४ सेकंदांत. १ सप्टेंबरला २०० मीटर, २ मिनिटं ३.५६ सेकंदांत. शेवटी ८०० मीटरमध्ये रौप्य. तीन सुवर्ण, तिन्ही विश्वविक्रमासह, आणि एकूण पाच वैयक्तिक पदकं. पदक घेतानाच्या छायाचित्रात तिच्या हातात खेळण्यातला कांगारू दिसतो. पंधराव्या वर्षी दुसरं काय असणार हातात!

याच स्पर्धेत मार्क स्पिट्झने सात सुवर्णपदकं मिळवली. जलतरणाच्या शर्यती ४ सप्टेंबरला संपल्या. ५ तारखेच्या पहाटे अतिरेकी क्रीडाग्रामात घुसले आणि त्या हल्ल्यात इस्रायलच्या पथकातल्या ११ जणांचा जीव गेला. म्युनिक म्हटलं की जग आजही आधी ते आठवतं.

फेब्रुवारी १९७३ मध्ये शेनने १५०० मीटर १६ मिनिटं ५६.९ सेकंदांत पार केलं. सतरा मिनिटांच्या आत येणारी ती पहिली स्त्री. आणि त्याच वर्षी, वयाच्या सोळाव्या वर्षी, तिने स्पर्धा सोडल्या.

इतिहासाच्या पेपरात हमखास यायचा तो प्रश्न इथे आठवतो. 'शेन गूल्डने सोळाव्या वर्षी स्पर्धात्मक जलतरण सोडले. कारणे द्या.' उत्तर मुद्देसूद लिहिता येईल. एक, तेव्हाच्या हौशी खेळाडूंच्या नियमांमुळे खेळातून कमाई करता येत नव्हती. स्पिट्झनेही २२ व्या वर्षी पोहणं सोडलं. दोन, एवढ्या लहान वयात प्रसिद्धीचं ओझं झेपत नव्हतं, हे तिने पुढे स्वतः सांगितलं. तीन, पाच विक्रम हाती आल्यावर शर्यतीत मिळवायचं फारसं काही उरलंच नव्हतं.

पण उत्तर इथे संपवलं तर पुढची पन्नास वर्षं राहूनच जातात. अठराव्या वर्षी तिने लग्न केलं आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात मार्गारेट नदीच्या परिसरात शेतीवर राहायला गेली. चार मुलं वाढवली. २००० साली सिडनी ऑलिंपिकची ज्योत मैदानात आणणाऱ्या स्त्रियांमध्ये डॉन फ्रेझरही होती आणि शेनही. दरम्यान ती पाण्यात परतली होती, प्रौढांच्या स्पर्धांसाठी. २००३ मध्ये ४५ ते ४९ वयोगटात तिने २०० मीटर मेडलेचा विक्रम केला. म्हणजे आपल्या आजच्या वयात! पुढे ऑस्ट्रेलियातल्या पोहण्याच्या संस्कृतीवर तिने पीएच.डी. केली. २०१८ मध्ये, ६१ व्या वर्षी, तिथल्या 'सर्व्हायव्हर' या खडतर टीव्ही स्पर्धेत ती विजेती ठरली.

हे सगळं मी मैत्रिणीला फोनवर ऐकवलं. ती हसली. "अगं, तिने सोडलं. माझं सुटलं. फरक आहे." फरक आहेच, आणि तो मी पुसणार नाही. तेव्हा मी तीस वर्षं उशिरा तो प्रश्न विचारला, "का सुटलं गं?"

"पहाटे तलावावर सोबत यायला दादा असायचा. तो नोकरीला मुंबईला गेला. बाबांची पहिली पाळी. एकटीला पाच वाजता कोण पाठवणार?"

एवढंच कारण होतं. मार्कांचा त्यात काही संबंध नव्हता. मी मात्र शेजारच्या बाकावरून तिचं अभिनंदन केलं होतं.

मी माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ दे गं, रेघ राहू दे." फोन ठेवता ठेवता मात्र म्हणाली, "पण जिल्ह्यातली माझी वेळ मला अजून पाठ आहे बघ. पन्नास मीटर, ३८.४."

तिला विचारूनच मी ती रकान्यात भरली आहे. तक्ता पुढच्या पानांवर आहे. वाचाल तेव्हा तिच्या नावापाशी थोडं थांबा.